शेकवाल्या बाई

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहणाऱ्या माणसाला "तुमचे डोळे कोरडे पडलेत" असं एकदा सांगून बघा. आमच्या बीड जिल्ह्यात तर सांगून बघाच! कोरडं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला लागत नाही. समोरचा माणूस आधी गालावरचा ओघळ पुसतो, मग माझ्याकडे नीट बघतो आणि म्हणतो, "बाई, मग ह्ये पानी काय टँकरनं आनलंय व्हय?"

केज तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात माझी सगळी नोकरी डोळे तपासण्यात गेली. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या आधी चष्म्याचा नंबर काढायचा, भिंगातून बघायचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पेशंटच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक आधी 'डोळ्याच्या बाई' म्हणायचे, नंतर 'शेकवाल्या बाई' म्हणायला लागले. आता निवृत्त झाले, तरी बाजारात भाजी घेताना कुणीतरी त्याच नावानं हाक मारतं. मला त्याचा राग नाही, उलट फार अभिमान आहे. ते नाव कसं पडलं हे लिहायला बसलेय आणि मघापासून चहा गार होतोय, पण उठवत नाही!

आधी धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. आपल्या डोळ्यावर नुसतं पाणी नसतं. पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. तिथं ते घट्ट होऊन बसलं की पाणी वाऱ्यावर उडून जातं. डोळा चुरचुरतो, खडा गेल्यासारखा खुपतो, मग घाबरून भराभर पाणी सोडतो, पण तेल नसलेलं ते पाणी टिकत नाही. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली की आपण ती उन्हात ठेवतो ना? पापणीला तेच करायचं. स्वच्छ, मऊ कापड गरम पाण्यात बुडवून पिळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि तिथं सुखाचं वाटलं तरच मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचं. निवलं की पुन्हा गरम करायचं. असा पाच-दहा मिनिटं शेक झाला की धुतलेल्या बोटानं पापणी अगदी हलक्या हातानं केसांच्या दिशेनं चोळायची. रोज करायचं, कंटाळायचं नाही. डोळा लाल होऊन ठणकत असेल, पू येत असेल, मार लागला असेल किंवा नजर एकाएकी कमी झाली असेल, तर मात्र शेकबिक सोडून आधी डॉक्टर गाठायचा.

एवढं साधं आहे, आणि ह्या साधेपणानंच माझा निम्मा जीव खाल्ला. फुकटातल्या उपायावर आमच्या माणसाचा विश्वास बसत नाही. "बाई, एखादी ट्यूब तरी द्या," "निदान सुई मारा," असं म्हणत लोक दारातच घुटमळायचे. कडू नसेल, टोचत नसेल, झोंबत नसेल, तर ते औषध कसलं?

चौसाळ्याकडचे एक पुढारी आठवतात. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. दिवसभर गाडीत, थंड हवेचा झोत थेट तोंडावर आणि नजर मोबाईलवर. पापण्या मिटायलासुद्धा त्यांना सवड नव्हती. चार माणसं घेऊन आले. मी अण्णांना बाकड्यावर आडवं केलं, पापण्यांवर गरम घडी ठेवली आणि पाणी तापवायला वळले. आयुष्यात पहिल्यांदाच असं कुणी गप्प पाडलं असावं, अण्णा एकदम शांत झाले. तेवढ्यात त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "अण्णा झोपले बे. यंदा ह्यांचं काय खरं न्हाई. मी तर पलीकडच्या पार्टीत जावं म्हंतो."

घडीखालून आवाज आला, "जा की. पन जाताना दार लावून घे. वारं लागतंय डोळ्याला."

त्यानंतर अण्णा शेकायला यायचे ते एकटेच. आणि गावोगाव सांगायचे की शेक लई गुणकारी हाय, माणसं कळतात.

असे बरेच नग भेटले. पण मला खरं नाव दिलं ते कौसाबाईनं आणि तिच्या सुनेनं, मीरानं.

मीरा सिरसाळ्याची लेक, नांदूरघाटच्या बाजूला एका वस्तीवर दिलेली. नवरा दत्ता दर साली ऊसतोडीला जायचा. ही मागं थांबून गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर चालवायची, उसानं भरलेल्या ट्रॉल्या ओढत कारखान्यापर्यंत. बाई ट्रॅक्टर चालवते म्हणून आधी भावकीनं नाकं मुरडली होती. सासू कौसाबाई दारात उभी राहून सगळ्यांना पुरून उरली, म्हणाली, "माज्या सुनंचा हात स्टेरिंगवर बसलाय, तुमच्या बापाच्या छातीवर न्हाई!" पुढे मीरानं एसटीच्या लाल गाडीच्या चालकपदासाठी अर्ज केला. लेखी झालं, गाडी चालवून दाखवायची परीक्षाही झाली. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती, आणि त्यात मुख्य म्हणजे डोळे. त्यात बसली तर ती त्या भागातली पहिली बाई चालक होणार होती. नाही बसली तर भावकी टपूनच बसली होती.

अशा वेळी ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, मला दिसतंय, पन दिसत न्हाई."

"म्हणजे गं?"

"पापनी मिटून उघडली की साफ दिसतंय. जरा टक लावून बघितलं की पुन्यांदा धुरकट. पाटीवरची अक्षरं येत्यात अन् जात्यात. मी आंधळी व्हायले का?"

अहो, मला खुर्चीत बसवेना! ह्या पोरीनं एका वाक्यात आजाराचं नाव सांगितलं होतं. पापणी मिटल्यावर साफ दिसतं म्हणजे भिंग ठीक, पडदा ठीक, बिघाड फक्त वरच्या पाण्याचा. ट्रॅक्टरवरचा वारा, धुरळा, चुलीचा धूर, आणि टक लावून बघायची सवय. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि शेक लिहिला. टक लागली की पापण्या मुद्दाम दोनदा मिटायच्या, हे मी तिला शिकवलं.

कौसाबाई सोबत आलेली होतीच. चणीनं एवढीशी, आवाज मात्र शेताच्या बांधापलीकडे जाईल असा. मी सांगितलेलं एकेक वाक्य तिनं माझ्यामागून म्हणून घेतलं. "हाताला सोसंल इतकं गरम. डोळे मिटून. कापड सोच्छ. बाई, शेक मीच देते. तिला सकाळच्या पारी येळ कुटं गावतो?"

मी खूश झाले. सून-सासूची अशी जोडी रोज बघायला मिळत नाही. आता पोरगी पास, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात मीरा आली ती डोळे लालबुंद घेऊन. पापण्या सुजलेल्या. तक्त्यावरच्या खालच्या ओळी सोडाच, मधल्या ओळीतही अडखळली. मी चमकले.

"शेक घेतेस का?"

"रोज. आत्या एक दिस चुकू देत न्हाईत." सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत.

"कापड?"

"सोच्छ. उकळून वाळवलेलं."

"चटका बसतो का?"

"न्हाई. कोमटच असतंय. झोंबतंय तेवडं."

"झोंबतंय?"

"लई झोंबतंय. आत्या म्हन्त्यात, झोंबतंय म्हंजी लागू पडतंय."

गरम कापड झोंबत नाही. पोळेल, पण झोंबणार नाही. डॉक्टरांनी पुन्हा बारकाईनं बघितलं, काजळ, सुरमा, झाडपाला, सगळं विचारलं. मीरा नाही म्हणाली. डॉक्टर मला म्हणाले, "हिच्या डोळ्यात घरी काहीतरी जातंय. काय ते शोधा. तोवर शेक बंद." तपासणी पंधरवड्यावर आली होती.

डॉक्टर आत गेल्यावर मीरा खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, चुलतसासू म्हन्ती, कौसा कापडाला काय तर लावती. सून नोकरीला लागली तर घरात हिचं काय चालंल, म्हून. यांचाबी फोन आला. म्हनले, आईला डोळ्याला शिवू दिऊ नको, म्हायेराला जा. मी पिशवी भरून ठिवलीय."

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं पदराच्या टोकानं डोळे टिपले. मग म्हणाली, "मला काय वाटावं तेच कळंना."

आता प्रश्न नुसता डोळ्यांचा राहिला नव्हता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्या म्हातारीनं अख्ख्या भावकीशी भांडून सुनेला स्टेअरिंगवर बसवलं, तिच्यावरच हे बालंट! आणि शेक सांगितला होता मी. दुसऱ्या दिवशी रविवार. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी थेट वस्तीवर गेले.

माझा एक जुना नियम होता, पेशंटला विचारायचं नाही, करून दाखवायला सांगायचं. विचारलं की माणूस बरोबर उत्तर देतो आणि केलं की खरं दिसतं. कौसाबाईला म्हटलं, "आज शेक मला द्या. माझे डोळेही कोरडेच आहेत. रोज जसं करता तस्संच करा, एक काडी इकडची तिकडे करू नका."

कौसाबाईला भावकीची कुजबुज कळली असावी. चेहरा उतरलेला होता. पण ती ताठ म्हणाली, "तस्संच करते. बसा तुमी."

आणि ती भाकरी थापायला बसली! मी म्हटलं, "अहो, जेवण नको, शेक हवाय." तर म्हणाली, "तुमीच म्हनला ना, रोजच्यावानी? मग आदी मीराचा डबा व्हायचा, मग शेक." माझाच नियम माझ्या अंगावर आला. मी मुकाट्यानं आतल्या खोलीत मीराजवळ जाऊन बसले. कोपऱ्यात भरलेली पिशवी होती. बाहेरून भाकरीचा खमंग वास आला, मग हिरव्या मिरच्यांचा आणि लसणाचा ठसका आला. तव्यावर तांब्याच्या बुडानं ठेचा रगडल्याचा खर्र खर्र आवाज येत होता. खरं सांगते, मी कशासाठी आलेय हे विसरून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"या बाई," हाक आली.

अंगणातल्या बाजेवर मी आडवी झाले. वस्तीवरची दोन-चार माणसं कुंपणाशी रेंगाळतच होती, त्यांत ती चुलतसासूही. मी डोळे मिटले. ओल्या कापडातून वाफ निघाल्याचा चुर्र आवाज झाला, मग पापण्यांवर सुखाची, अगदी हवी तेवढी गरम घडी आली. मी म्हणणार होते, वा, कौसाबाई...

आई गं! काय सांगू तुम्हाला! पापण्यांच्या फटीतून जाळ आत शिरला! मी घडी भिरकावून बाजेवरून उडी मारली, हौद कुठे म्हणून हात पसरत धावले ते कोंबड्यांच्या डालग्यावर आदळले. कोंबड्या ओरडल्या, मी ओरडले, कौसाबाई ओरडली. कुंपणावरून कुणीतरी बोंब ठोकली, "डोळ्याच्या बाईचे डोळे गेले रं!" मीरानं मला धरून रांजणापाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यांवर ओतलं.

आणि त्या तशा अवस्थेत, नाक वाहतंय, पदर भिजलाय, डोळे उघडत नाहीत, मला असा आनंद झाला म्हणता! मी थयथय नाचायचीच बाकी होते. "सापडलं!" मी ओरडले. "मीरा, सापडलं! कौसाबाई, कापड कशावर गरम केलं?"

"तव्यावर. वलं करून पिळलं अन् ठिवलं."

"कोणत्या तव्यावर?"

"घरात येकच तवा हाय की! जाळ कावून वाया घालवायचा? भाकरी झाली, ठेचा झाला, तवा तापलेलाच असतोय. पुसून घेते म्या चांगला."

म्हणजे मिरचीचा अर्क तव्यात मुरलेला, तो वाफेबरोबर कापडात यायचा आणि कापडातून पापणीत. वर ठेचा रगडलेली बोटं कापडाला. चूल पेटली की तिच्यावर होईल तेवढं करून घ्यायचं, आच वाया घालवायची नाही, हे इथल्या प्रत्येक बाईच्या रक्तात आहे. माझ्याही आहे. आणि झोंबलं तरी कुणी थांबलं नाही, कारण झोंबतं ते औषध, हा शहाणपणाही आमचाच.

कौसाबाईला उलगडायला क्षण लागला. मग ती मटकन खाली बसली. मघाशी बांधापलीकडे जाणारा आवाज आता ऐकूही येत नव्हता. "म्हंजी म्याच पोरीचे डोळे जाळले? रोज? अन् वर म्हनले, सोस?" असं म्हणत तिनं दोन्ही हात तोंडाला न्यायला उचलले.

"आत्या, हात डोळ्याला लावू नगा!" मीरा किंचाळली आणि तिनं झेप घेऊन सासूची दोन्ही मनगटं धरली. क्षणभर दोघी तशाच. मग मीरानं ती बोटं नाकाजवळ नेली, वास घेतला, आणि हसायलाच लागली. लाल डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पोरगी हसतेय. "आत्या, पन ठेचा मातुर लई झकास झालाय आज!"

कौसाबाई रडत होती ती रडतच हसली. मला दोघींचं काही धड दिसत नव्हतं, तरी ते चित्र मी नीट बघितलं.

मीरा आत गेली. माझे डोळे टिपायला मऊ, स्वच्छ कापड पाहिजे होतं, ते पिशवीच्या तळाशी होतं. तिनं पिशवी पालथी केली, कापड घेऊन बाहेर आली आणि बाकीचे कपडे तिथंच पडू दिले. चुलतसासू कुंपणावरून कधी गेली ते कुणाला कळलं नाही. मीरानं तिथंच अंगणात उभं राहून दत्ताला फोन लावला. "म्हायेराला न्हाई जात. तुमची आई माजी वैरीन न्हाई, तिचा तवा हाय वैरी. आल्यावर पाया पडा तिच्या."

मीराचे डोळे निवळेपर्यंत डॉक्टरांनी नुसते थेंब चालू ठेवले. मग शेक पुन्हा सुरू झाला. आता पातेल्यात पाणी, घासलेलं वेगळं पातेलं, आणि तेही ठेचा करण्याच्या आधी. कौसाबाईनं ते पातेलं एका खुंटीला टांगलं. दत्ताच्या बहिणीनं एकदा त्यात दूध तापवायला घेतलं, तर म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं म्हणे. "डोळ्याचं पातेलं हाय त्ये!"

तपासणीच्या दिवशी मी रुग्णालयात पेशंट बघत होते, पण सगळा जीव फोनमध्ये. एका आजोबांना मी तोच प्रश्न इतक्या वेळा विचारला की ते म्हणाले, "बाई, तुमालाच तपासून घ्या." दुपारी फोन वाजला.

"बाई! शेवटची वळ वाचली! न अडखळता! बाई, ऐकताय ना?"

ऐकत होते की! मग मी एवढ्यानं ओरडले की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. मी त्यांना पेढे देऊ शकले नाही, पण मोठ्यानं सांगितलं की आपल्या पोरीला गाडी मिळाली. त्यांनी ओळख ना पाळख, टाळ्या वाजवल्या!

तिकडे वस्तीवर कौसाबाईनं माझं नाव लावून दिलं होतं. "शेकवाल्या बाईकडं जावा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पेशंटचं औषध आदी सोताच्या डोळ्यात घालून बघती!" त्यानंतर माझ्याकडे फुकटातला शेक कुणी नाकारला नाही. मला एकच रुखरुख आहे. त्याआधी किती जणांनी "झोंबतंय" म्हणून औषधं सोडली असतील आणि किती जणांनी झोंबतंय म्हणून चालू ठेवली असतील, त्यांच्या चुलीपर्यंत मी कधी पोचले नाही.

मीरानं पहिली गाडी केजहून नांदूरघाटला नेली, तेव्हा मी निवृत्त झाले होते. मला निरोप आला होता. गेले नाही असं होईल का? चालकाच्या मागच्याच बाकावर खिडकीशी कौसाबाई, तिच्या शेजारी मी. मीरानं आरशातून आमच्याकडे एकदा बघितलं, पापण्या मुद्दाम दोनदा मिटल्या, मी शिकवल्या तशा, आणि गाडी काढली. रस्त्यात खड्डे होते, ऊन डोळ्यांवर येत होतं, धुरळा उडत होता. तिचा हात कुठे हलला नाही. कौसाबाई प्रत्येक वळणावर ओळख नसलेल्या प्रवाशांना सांगत होती, "सून हाय माजी. माजी सून हाय."

नांदूरघाटला गाडी लागली. मीरा खाली उतरली, तिच्याभोवती बाया गोळा झाल्या. आम्ही दोघी स्टँडच्या कट्ट्यावर बसलो. कौसाबाईनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, वर ठेच्याचा गोळा. मी घास घेतला आणि खाकी कपड्यातल्या त्या पोरीकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले, थांबेनात, गालावरून ओघळ खाली आले.

कौसाबाईनं ते बघितलं आणि घाबरून दोन्ही हात माझ्यापुढे पसरले.

"बाई, हात धुतलेत म्या! साबनानं! देवाशप्पत!"